बॉनेटवरचं कुंकू

“एकदा रंग बसला की सात-आठ वर्षं बघायला नको.”

“पण चालवणार कोण?”

“ती आहे ना.”

ओट्यावर बाबा आणि आत्या बोलत होते. ‘ती’ म्हणजे मी, आणि मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. उद्या रंग फवारताना त्याचे कण फटीतून आत येऊ नयेत म्हणून दाराच्या रबराला आतून टेप लावत होते. दारं ओढून घेतली होती. चारी बाजूंच्या काचांवर बाहेरून वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यामुळे मी आत आहे हे कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मलाही बाहेरचं काही दिसत नव्हतं. उन्हामुळे कागद उजळले होते आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या बातम्या मला आतून उलट्या दिसत होत्या.

आत्याने विचारलं, लग्न करून गेली म्हणजे मग? बाबा म्हणाले, तेव्हाचं तेव्हा, आणि जवळपासच बघू. आगाशीला दिली तर वीस मिनिटांत येईल. आत्या हसली. म्हणाली, जावयाला आधीच सांगून ठेव, मंगळवारी आणि शुक्रवारी बायको आमची.

मंगळवार आणि शुक्रवार हे तिच्या गुडघ्याच्या व्यायामाचे दिवस. तिला विरारला मीच नेते.

ते दोघं आपसात आमच्या घरातल्या बोलीत बोलतात. ती मला सगळी कळते, पण नीट बोलता येत नाही आणि लिहिता तर नाहीच, म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते आहे. मी पहिल्यापासून इंग्रजी शाळेत. घरात माझं उत्तर एक तर पुस्तकी मराठीत असतं, नाहीतर मानेने. मानेनेच जास्त. आत्याच्या मते शाळेने माझी जीभ ठेवून घेतली आणि नुसता दाखला परत दिला.

त्या वेळी दार उघडून उतरले असते तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून उतरले नाही. टेप लावून झाली होती, कुरता पाठीला चिकटला होता. आत्या आत जाईल, बाबा केळीत पाणी सोडायला जातील, मग उतरू, असं ठरवून बसून राहिले. फोनमधली एक ईमेल पुन्हा उघडली.

डेहराडूनच्या एका संस्थेत झाडांचे वाळवलेले नमुने जपून ठेवतात. ते तपासायचे, सुटलेले पुन्हा कागदावर बसवायचे, नोंदी नव्याने करायच्या, असं दोन वर्षांचं काम होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून मला असंच काहीतरी करायचं होतं: शांत खोली, मोठं टेबल आणि ज्यांच्याशी बोलावं लागत नाही अशी झाडं. मुलाखत ऑनलाइन झाली, खोलीचं दार लावून. घरात सांगितलं होतं की वेबिनार आहे. निवड झाल्याचं कळून अकरा दिवस झाले होते. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत होय की नाही ते कळवायचं, नाहीतर ते पुढच्या उमेदवाराला बोलावणार. तो शनिवार होता, आणि घरात यातलं कोणालाही काही माहीत नव्हतं.

होकाराचं उत्तर लिहून ठेवलेलं होतं. इंग्रजीत, चार ओळींचं. ते पाठवणं अवघड नव्हतं. बाबांना मराठीत सांगणं अवघड होतं.

गाडी बारा वर्षांची आहे, गर्द लाल. बाबा नोकरीत असताना घेतली. तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. गाडी चालवू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी येताना त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. घरी येईपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. आईनेही एकदा शिकायचा प्रयत्न केला होता, पण तिने गाडी केळीत घातली. दोन केळी घडांसकट आडव्या झाल्या. हे आमच्याकडे अजून पाहुण्यांना सांगतात, आणि आईही स्वतः हसून सांगते, म्हणजे पुन्हा कोणी शिक म्हणत नाही.

आमचं घर निर्मळला, वाडीत आत. रिक्षा नाक्यापर्यंत मिळते. तिथपर्यंत आत्याला चालवत नाही. आत रिक्षा बोलावता येते, नाही असं नाही. पण तीन वर्षांत ती बोलवायची कोणाला गरज पडली नाही. आत्याचा व्यायाम, बाबांच्या डोळ्यांची तपासणी, वटारच्या मावशीकडचं बारसं, कोणाची मयत, आगाशीच्या बाजारातून आणायचं सामान. मला गाडी चालवायला आवडत नाही असं नाही. चालवणाऱ्याने बोलायची अपेक्षा नसते.

गाडीचा रंग मात्र दोन वर्षांपासून जात होता. रंग म्हणजे खरं तर रंगाच्या वरचा पारदर्शक थर, चकाकी देणारा. खारा वारा आणि फाटकाजवळचं दिवसभराचं ऊन. आधी छतावर पांढुरके डाग आले, मग त्यांच्या कडा उचलल्या, मग पापुद्रे सुटायला लागले, उन्हाने भाजलेल्या पाठीचे सुटतात तसे. सिग्नलला उभी असताना खिडकीतून हात बाहेर काढून मीही छताच्या कडेचे पापुद्रे सोलत असे, हे इथे कबूल करते.

बाबांनी मनावर घेतलं ते माझ्या चुलत भावाच्या लग्नात. हॉलच्या बाहेर कोणीतरी बॉनेटवर हात फिरवून विचारलं, “गाडीला नायटा झालाय का?” सगळे हसले, बाबाही हसले. घरी आल्यावर म्हणाले, रंगवून घेऊ.

आगाशीच्या रस्त्यावरचा पेंटर त्यांच्या जुन्या ओळखीचा. त्याच्याकडे जागा नव्हती आणि घासायला माणूसही नव्हता. तो म्हणाला, घासण्याचं काम तुम्ही घरी करा, मी कॉम्प्रेसर घेऊन येतो आणि तुमच्या शेडमध्येच मारून देतो. केळीचे घड ठेवायची आमची शेड आहे. निवृत्त झाल्यापासून बाबांना असंच काहीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेड रिकामी केली.

पेंटरने पहिल्या दिवशी काम दाखवलं. भांड्यांच्या साबणाने गाडी धुवायची. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. कागद नुसत्या हाताने धरायचा नाही, बोटांच्या रेघा उठतात. जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून त्याला गुंडाळायचा. जिथे पापुद्रा सुटलाय आणि जिथे अजून धरून आहे, त्या दोन्हींच्या मधे एक पायरी असते. ती पायरी जाईपर्यंत घासायचं. त्याने अंगठ्याचं नख डागाच्या कडेवरून ओढून दाखवलं. “नख अडलं की अजून काम बाकी आहे, ताई. ही कड आत राहिली ना, तर वरून कितीपण चांगला रंग मारा, सहा महिन्यांत तिथूनच उचलणार.”

आठवडाभर मी आणि बाबा घासत होतो. ते छत आणि डावी बाजू, मी बॉनेट आणि उजवी बाजू. लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. मला वाटायचं झालं, आणि बाबा यायचे, डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि एका जागी थांबायचे. “इथे आहे बघ.” मी नख ओढलं की खरंच अडायचं. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला ते हाताला कळत होतं. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. आईला दोनदा बोलावून त्यांनी दाखवलं. काचबिंदूनंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. रोज सकाळी मी ठरवायचे की आज घासता घासता सांगू. दोघांचे हात कामात असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही, याहून बरी वेळ कुठली. आणि रोज ते म्हणायचे, “ही कड गेली बघ,” आणि मी म्हणायचे, “हो, गेली.”

गुरुवारी पेंटरने रंगाखालचा राखाडी प्रायमर मारला. शुक्रवारी आत्याचा व्यायाम बुडवून आम्ही तो पुन्हा पाण्याने घासला. त्यात काचांवरचे कागद भिजून निघाले, म्हणून शनिवारी नवे लावले. आत्याने रद्दी चाळून देवांचे फोटो असलेली पानं बाजूला काढली. म्हणाली, त्यांच्या तोंडावर रंग उडवायचा नाही. राजकारणी चालतील.

शनिवारी संध्याकाळी पेंटर आला. पूर्ण गाडी थिनरने पुसली, वर धुतलेली चादर घातली. बाबा आत फोनवर होते, म्हणून त्याने मला सांगितलं: आता कोणी हात लावायचा नाही. डोक्याला लावलेलं खोबरेलसुद्धा हाताला असतं. तेल लागलं की रंग तिथून पळतो. घरच्यांना सांगून ठेवा.

मी मान हलवली. आणि घरच्यांना सांगण्याऐवजी एका कागदावर ‘कृपया हात लावू नये’ असं लिहून तो कागद चादरीला टाचला. मी अशी कामं अशीच करते.

रविवारी सकाळी मी शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडत होते, धूळ उडू नये म्हणून. तीन बाजूंना प्लास्टिक बांधलं होतं. बाबा अंघोळीला गेले होते. आत्या आली ती तबक घेऊन. हळद, कुंकू, सोनचाफ्याची दोन फुलं आणि वाटीत खोबरेल. दुखऱ्या गुडघ्याने, ओल्या जमिनीवरून, एका हाताने खांब धरत. तिने माझा कागद वाचला. “हात कुठे लावतेय,” म्हणाली, “बोट लावतेय.” आणि चादर बॉनेटवरून मागे सारली.

माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. आत्या, तेल नको, रंग बसणार नाही. सहा शब्द. पाइप माझ्या हातात होता आणि पाणी माझ्याच पायांवर पडत होतं. ती कुंकू तेलात कालवत सांगत होती की नवी घेतली तेव्हा पूजा मीच केली होती, आता पुन्हा नवीच होतेय, मग नको का करायला? रंगाखाली राहील, कोणाला दिसणार नाही, पण असेल. तिने बोटाने बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं, ठसठशीत. मग माझ्याकडे वळली. “चालवणारीला पण,” म्हणत माझ्या कपाळाला तेच बोट लावलं. मी वाकून नमस्कार केला.

मी का बोलले नाही, याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे ती पहाटे उठून, अंघोळ करून, एवढं चालून आली होती. दुसरं मला लिहायला आवडत नाही, पण तेही खरं आहे: क्षणभर मला वाटलं, होऊ दे खराब. गाडी तशीच राहू दे, नायटा झालेली. मग तिच्यासाठी कोणी मला धरून ठेवणार नाही. या विचाराला काही अर्थ नव्हता. त्यांना रंगवलेली गाडी नको होती, चालणारी हवी होती.

ती आत गेल्यावर मात्र मी घाबरले. पेंटर ओरडेल. मी फडकं भिजवलं आणि कुंकू पुसलं. आधी ते पसरलं, मग फिकट झालं, मग राखाडी प्रायमरवर काही दिसेनासं झालं. पाण्याने तेल जात नाही हे मला एम.एस्सी. होऊन सुचलं नाही. सुचलं असेल, पण दिसत नाही ना, एवढंच मी बघितलं. चादर पुन्हा घातली.

पेंटर साडेआठला आला. हवेने धूळ उडवली आणि छतापासून सुरुवात केली. छत सुंदर आलं. बाबा प्लास्टिकच्या बाहेर, मान वळवून वळवून, जेवढं दिसेल तेवढं बघत होते. आत्या ओट्याचा खांब धरून. मग पेंटर बॉनेटवर आला. पहिला हात मारला आणि ओल्या लाल रंगात गोल गोल भोकं उघडायला लागली. घावन तव्यावर घातल्यावर जाळी पडते तशी. प्रत्येक भोकातून राखाडी दिसत होतं. ती फक्त मधोमध नव्हती. माझं फडकं जिथवर फिरलं होतं तिथवर होती.

त्याने गन खाली केली. मास्क काढला. “कोणी तेल लावलं?”

मग बाबा म्हणाले की तेल त्याच्या कॉम्प्रेसरमधून आलं असेल, असं होतं हे त्यांनी ऐकलंय. पेंटर म्हणाला, “काका, छत याच कॉम्प्रेसरने मारलं. तिथे आहे का बघा.” बाबांचा आवाज चढला. आमच्या घरात गाडीला तेल कोण लावेल? पेंटर खाली बसून पाइप गुंडाळायला लागला. मग एवढंच म्हणाला, की बाकीचं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्या.

मी आत्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. अख्ख्या निर्मळमध्ये कोणाला तोंडावर काहीही सांगू शकणारी ती बाई खाली बघत होती. मी रोज आतून जशी असते, तशी ती तेव्हा बाहेरून दिसत होती.

मी पुढे झाले आणि सांगितलं की बॉनेटला तेल लागलं होतं, ते मला माहीत होतं, पेंटरने आदल्या दिवशी बजावलं होतं ते मी घरात सांगितलं नाही, आणि वर पाण्याच्या फडक्याने पुसून लपवलं. कॉम्प्रेसरचा काही दोष नाही. एवढं मी एका दमात बोलले. माझा आवाज मलाच परका वाटला.

तेल लागलं कसं ते मी सांगितलं नाही, पण आत्याने ते तसं राहू दिलं नाही. ती म्हणाली, तिने नाही लावलं, मी लावलं, देवाचं होतं. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे. तिथे तेच कुंकू अजून होतं. आणि ते हसायला लागले. मग त्यांनी पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला, चुकलं म्हणाले. आईने आतून चहा आणला. पेंटरने पाइप पुन्हा सोडला नाही, पण चहा घेतला. बॉनेट पुन्हा खालपर्यंत घासावं लागेल, थिनरने तीन वेळा पुसावं लागेल, आणि पुढच्या रविवारी तो येऊन ते आणि राहिलेल्या बाजू मारून देईल, असं ठरलं. त्याने मला थिनरचं फडकं दिलं आणि कसं पुसायचं ते दाखवलं: एकाच दिशेने, दर वेळी फडक्याची नवी घडी. बोटं गार पडतात आणि मग चुरचुरतात.

मी पुसत होते. सगळे मोकळे झाले होते, भांडण टळल्यावर घर होतं तसं. बाबा पेंटरला सांगायला लागले की पोरीने या गाडीसाठी किती केलंय, एवढ्या दिवसांत एकदाही कुरकुर नाही. मग म्हणाले की रंगाचं काम झालं की गाडीची कागदपत्रं तिच्या नावावर करणार आहे, कधीचं डोक्यात होतं, आज सांगून टाकतो.

पेंटर म्हणाला, “वा ताई, मग पेढे पाहिजेत.” आत्या म्हणाली की मग मंगळवारी मी तिला पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या गाडीतून नेईन. आई हसत माझ्याकडे बघत होती. बाबाही बघत होते. त्यांना मी पूर्ण दिसावी म्हणून ते मान थोडी वळवून उभे होते. त्यांच्याजवळ असलेली सगळ्यात मोठी वस्तू ते मला देत होते. मी काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मी नेहमी तेच म्हणते. काही न म्हणता.

माझी मान हलायला लागलीसुद्धा होती. दहा वाजून गेले होते. सहापर्यंत वेळ होता. पण सहापर्यंत पुन्हा कोणी माझ्याकडे असं बघत थांबणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फडकं बादलीच्या कडेवर ठेवलं.

“बाबा, गाडी माझ्या नावावर नका करू. मला डेहराडूनला नोकरी लागलीये, दोन वर्षांची. मी जाणार आहे.”